त्यानं काय केलं, ते सांगा

"वहिनी, किल्ली द्या. लगेच. शंभर नंबर फिरवायचाय."

उमाळकर तारमास्तर दारात उभे होते. पायात एकच चप्पल, हातात वहीचा फाडलेला कागद, आणि चेहऱ्यावर युद्ध सुरू झाल्याची बातमी सगळ्यांत आधी आपल्यालाच कळल्याचा आनंद.

"बसा, भाऊजी. चहा टाकते."

"ही काय चहाची वेळ आहे?"

"दुपारचे साडेतीन वाजलेत. हीच तर वेळ."

ही गोष्ट एकोणनव्वद सालातली. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, नवविचार शिक्षक सहकारी सोसायटीत आम्ही राहत होतो. चौदा घरं. बारा शिक्षकांची, एक रिटायर झालेल्या तारमास्तरांचं आणि एक आमचं. हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर. कुठं पाइप फुटला तर यांना हाक मारता यावी म्हणून नगरपालिकेनं आम्हाला फोन दिलेला. चौदा घरांत तेवढा एकच. त्यामुळे चौदाही घरांच्या लग्नपत्रिकांवर आमचाच नंबर, आणि त्यापुढे, फोन शेजाऱ्यांचा आहे हे कळावं म्हणून, पी.पी. अशी दोन अक्षरं. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा जावई रुसला, सगळं आधी मला कळायचं, मग ज्याचं त्याला.

फोनच्या तबकडीला एक छोटंसं पितळी कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. बिल वाढू नये म्हणून यांनी ते लावलंय, असं सोसायटीत सगळे समजत. मी समजू दिलं.

आता शिक्षक म्हटले की शिस्त आली, आणि शिस्त म्हटली की पोलीस आले. आमच्या सोसायटीला पोलिसांचा फार लळा. फाटकातून अनोळखी माणूस आत आला की कुणी ना कुणी माझ्या ओट्यावर हजर. मग मी चहा टाकायची. आलं घालून, मंद आचेवर, दूध दोनदा वर येईपर्यंत. आणि चहा होईस्तोवर एकच प्रश्न विचारायची.

"त्यानं काय केलं, ते सांगा."

"अहो, लुंगी नेसलाय," एकदा डाखोरे सर सांगत आले. "तासभर झाला निंबाखाली बसलाय."

"हे तो कसा आहे ते झालं. केलं काय?"

"कागद पाहतो आणि घरं पाहतो. कागद पाहतो आणि घरं पाहतो!"

तो निघाला डाखोरे सरांच्याच शाळेत नव्यानं लागलेला शिपाई. कागदावर सरांचा पत्ता होता. डाखोरे सर म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. नागरिकशास्त्र शिकवायचे. मूलभूत हक्क त्यांना तोंडपाठ, क्रमांकासकट. दुसऱ्यांदा त्यांच्या चंद्रकलाबाई धावत आल्या. दाढीवाला एक माणूस खिडकीतून आत डोकावतोय म्हणाल्या. तो तावदानवाला होता. फुटलेली काच बसवायला चंद्रकलाबाईंनीच त्याला निरोप धाडला होता. मापं घ्यायची तर बिचारा खिडकीत नाही डोकावणार तर काय विहिरीत?

अर्धा कप पोटात जाईपर्यंत निम्मी माणसं शांत व्हायची. उरलेल्यांना मी चिवडा द्यायची. तीन वर्षं कुलूप, चहा आणि चिवडा यांवर मी आमच्या सोसायटीचा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न हाताळला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात माझा धडा नाही, एवढंच.

तर त्या दिवशी तारमास्तर.

"चहा होईल, भाऊजी. पण झालंय काय?"

"तुमच्या मागच्या अंगणात कोण बसलंय?"

"गुंफाबाई. पाट्याला टाकी लावतेय."

"टाकणकार! पारध्यांची बाई!" त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, तुम्ही साध्या. ती टाकी लावत नाहीये. ती संदेश पाठवतेय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या अंगणातून आवाज येत होता. टक् टक् टक्. टक्. टक् टक्. दगडाचा पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं पुन्हा बारीक खाचे पाडावे लागतात, त्याला आमच्याकडे टाकी लावणं म्हणतात. चैत्रात मसाले कुटायचे, डाळी वाटायच्या, म्हणून हे दोन महिने टाकणकारांच्या बाया दारोदार हाक देत फिरतात.

"ऐका, ऐका," तारमास्तरांनी बोट वर केलं. "तीन टिंबं, एक रेघ. मग थांबली. आता पलीकडच्या गल्लीतनं ऐका."

पलीकडच्या गल्लीत दुसरी बाई कुणाचं तरी जातं टाकत होती. टक् टक्. टक्.

"उत्तर आलं!" त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. सगळा कागद टिंबांनी आणि रेघांनी भरलेला. "बत्तीस वर्षं तारा घेतल्यात मी. झोपेतसुद्धा कान चुकत नाही."

"मग काय म्हणतेय ती?"

तारमास्तर जरा अडखळले. "सांकेतिक आहे. नुसती अक्षरं येतात. के, टी, टी, एच, के. टोळीचा काही कोड असणार."

"भाऊजी, ती दगडावर छिन्नी मारतेय. घाम पुसायला थांबते तिथं तुमची रेघ होते."

"आणि पोंक्षे गुरुजींची तांब्याची घागर? परवापासून नाही."

"त्यांच्या मुलीनं नेली. माहेरपणाला आली होती. परवा याच फोनवरून तिनं सासरी कळवलं, घागर घेऊन येते म्हणून."

ते जास्तच चिडले. "किल्ली द्या, वहिनी."

"त्या बाईनं काय केलं, ते सांगा. देते."

ते खुर्चीत टेकले. मला वाटलं, झालं. आता चहाच लागेल. मी आत गेले. मनाशी म्हटलं, आज चिवड्यावर शेव पण घालावी, केस अवघड आहे.

आलं किसताना बाहेरच्या खोलीतून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून टक् टक् टक् टक्, एकसारखा, दहा वेळा. पुन्हा थांबून दहा वेळा. मला वाटलं, गुंफाबाईच. पण तो आवाज दगडाचा नव्हता.

पातेलं तसंच ठेवून मी बाहेर आले तर तारमास्तर फोनचा रिसीव्हर कानाला लावून ताठ उभे. तबकडीवरचं कुलूप जागच्या जागी. रिसीव्हर ठेवायचा तो खटका बोटानं ठोकून त्यांनी नंबर लावला होता. एकाला एकदा, मग दोन शून्यांना दहादा, दहादा. हुन्नर कधी वाया जात नाही म्हणतात ते खरं असावं. टकटक करून कुणाला गुप्त खबर पाठवणारं माणूस त्या दिवशी सोसायटीत होतंच, फक्त ते लुगड्यात नव्हतं.

"हॅलो, ठाणं का? नवविचार सोसायटी. टाकणकारांची टोळी आलीय. हो, एक पकडून ठेवलीय."

मी खटका दाबला, पण बातमी गेली होती.

"पकडून ठेवलीय म्हणजे?" मी विचारलं.

"तुमच्याकडे बसलीय ना! तेच ते."

एरवी आमच्याकडे साप निघाला तर पोलीस दुसऱ्या दिवशी यायचे, तेही साप कुठं गेला ते विचारायला. त्या दिवशी वीस मिनिटांत जीप आली. मी मध्ये दोनदा मागच्या अंगणात गेले. पहिल्यांदा म्हणाले, "गुंफाबाई, आज राहू दे. उद्या ये."

"अर्धा पाटा झाला, बाई. अर्धा सोडून कशी जाऊ?"

दुसऱ्यांदा खरं सांगितलं. तिनं छिन्नी खाली ठेवली, जीप कुठून येईल त्या बाजूला एकदा पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं.

"आता पळालो तं चोर होतो, बाई," ती म्हणाली. "बसतो."

आणि तिनं पुन्हा टाकी हातात घेतली.

बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीत, तिच्या घरी काम करणारे हात हे एवढेच दोन. नवऱ्याचा, रतिरामचा उजवा हात मनगटापासून वाकडा झालेला. टाकी आधी त्याच्या हातात होती. त्याचा हात गेला तेव्हा हिनं उचलली. दोन महिन्यांच्या सुगीवर वर्ष काढायचं. त्यात ही ठाण्यात गेली की आठ दिवस, दहा दिवस, साहेबाची मर्जी होईल तेवढे. आणि मग या गावात तिला कोण दारात उभं करणार?

जमादार तायडे उतरले. मागे दोन शिपाई. तेवढ्यात बाराही घरांचे गुरुजन अंगणात जमले. वर्गात हजेरीला कधी एवढी भरती नसेल. चंद्रकलाबाई तर हाताला पीठ तसंच ठेवून आलेल्या.

"हेच का?" जमादारांनी गुंफाबाईकडे हनुवटी केली. "चाल वं. ऊठ."

गुंफाबाई उठली. छिन्न्या एका फडक्यात गुंडाळल्या, हातोडी कमरेला खोचली. ती इतकी सवयीनं उठली की मला आमची मुलं शाळेची घंटा झाल्यावर उठतात ते आठवलं.

"बाई," ती मला म्हणाली, "आमच्या बेड्यावर तेवढा निरोप धाडा. म्हणा, नेली."

"थांबा, जमादारसाहेब," मी म्हणाले. "तिनं काय केलं, ते सांगा."

जमादार हसले. "अवं वहिनी, केलं असतं तं उशीर नसता का झाला? करायच्या आधीच पकडा लागते हे लोकं."

"अगदी बरोबर," डाखोरे सर म्हणाले. "प्रतिबंधात्मक कारवाई. तशी तरतूद आहे."

"आणि सिग्नल?" तारमास्तरांनी कागद पुढे केला. जमादारांनी तो उलटा धरून गंभीरपणे वाचला आणि परत दिला.

"पण काही पुरावा?" मी म्हणाले. "काही गेलंय का कुणाचं? विचारा सगळ्यांना."

कुणाचं काही गेलं नव्हतं. पोंक्षे गुरुजींनी घागरीचं लाजत लाजत कबूल केलं. क्षणभर मला वाटलं, जमलं. दोघंतिघं घराकडे वळलेसुद्धा.

मग जमादार म्हणाले, "वहिनी, तुम्हीच असं म्हणून ऱ्हायल्या? तुमच्याच घरचा तं केस होता तीन वर्षांमागं. एकदाणीचा. या बाईच्याच नवऱ्याले नेलं होतं ना आम्ही? रतिराम. अकरा दिवस होता आमच्याकडं. रेकॉर्ड हाये घरावर. एकदा रेकॉर्ड असलं का मंग दुसऱ्यांदा पुरावा लागत नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चंद्रकलाबाईंनी माझ्या दंडावर पिठाचा हात ठेवला. "खरंच बाई, तुमचं मन मोठं. ज्यांनी लुटलं त्यांचीच बाजू घेता!"

आता हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. यांना तेवढं माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी, असाच चैत्र. रतिराम आमच्याकडे पाट्याला टाकी लावून गेला आणि संध्याकाळी माझी एकदाणी, आईनं दिलेली सोन्याची एकपदरी माळ, जागेवर नव्हती. मी चहा टाकला नाही. मी कुणाला काही विचारलं नाही. तेव्हा फोनला कुलूपही नव्हतं. मी सरळ तबकडी फिरवली आणि म्हटलं, टाकणकार आला होता. त्यानं काय केलं हे ठाण्यातल्यांनीसुद्धा विचारलं नाही. त्यांना तेवढं पुरलं.

बाराव्या दिवशी पाहुणे आले म्हणून पापड तळायला काढले. डब्याच्या तळाशी, कागदाखाली एकदाणी. लग्नाला जायचं होतं, वाटेत चोरांची भीती, म्हणून मीच तिथं लपवली होती. इतकी छान लपवली की स्वतःलाच सापडली नाही.

मी यांना सांगितलं. हे कॉटवर बसून राहिले. मग म्हणाले, "खोटी फिर्याद म्हणून तुझ्यावरच उलटेल. माझी नोकरी सरकारी. आणि तो सुटलाय ना आता? कालच सुटला. मग झालं." मग झालं. मी पण म्हटलं, मग झालं. पुढच्या आठवड्यात गुंफाबाई टाकी घेऊन दारात आली. "तो कुठंय?" विचारलं, तर म्हणाली, "हात काम देत नाही त्याचा." त्याच दिवशी मी यांना बाजारातून कुलूप आणायला लावलं.

"वहिनी, बाजूला व्हा," जमादार म्हणाले.

"ती एकदाणी घरातच होती," मी म्हणाले.

"काय?"

"घरात होती. मीच ठेवली होती, मीच विसरले. रतिरामनं काही केलं नव्हतं. तुमचं रेकॉर्ड माझ्यामुळे झालंय आणि ते खोटं आहे."

पलीकडच्या गल्लीतलं जातं तेवढं बोलत होतं, टक् टक्, आणि तारमास्तरांनीसुद्धा ते लिहून घेतलं नाही.

पहिला आवाज चंद्रकलाबाईंचा. "गवसली होती? अन् मले सांगितलं बी नाही? तुमच्या एकदाणीसाठी मी सोळा सोमवार केले, बाई! सोळा!"

जमादारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "वहिनी, तीन वर्षांनी हे सांगून ऱ्हायल्या? लेखी द्यान?"

"देते."

"इचार करा. साहेबांच्या नोकरीचं..."

"कागद द्या कुणीतरी."

बारा शिक्षकांत एकाकडे कागद निघेना. शेवटी मी तारमास्तरांच्या हातातला ओढून घेतला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. काय केलं, ते लिहिलं. माझं नाव, यांचं नाव, तारीख. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील. डाखोरे सरांनी खांद्यावरून वाचलं, पण तपासायला त्यांनी पेन काही काढलं नाही.

जमादारांनी कागद घडी करून खिशात घातला. गुंफाबाईकडे न बघताच म्हणाले, "बस तू. कर काम." जीप गेली. मग गुरुजन गेले, एकेक, निकाल लागल्यावर नापास मुलं जातात तसे. पुढे यांना महिनाभर हेलपाटे पडले, एक बढती हुकली, आणि हे माझ्याशी दिवाळीपर्यंत फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलले. ते मी ऐकून घेतलं. मीठ बरोबर असायचं.

पण त्या दुपारी अंगणात आम्ही दोघीच उरलो. गुंफाबाई पाट्याशी बसली. फडकं सोडलं, छिन्नी काढली, उरलेला अर्धा पाटा टाकायला घेतला. मी ओट्याच्या पायरीवर बसले. माफी मागावी तर कोणत्या तोंडानं. ती देईल की नाही यापेक्षा तिला द्यावीच लागेल, याची मला भीती वाटली.

तिनं पाटा पुरा केला. मग हात झटकून म्हणाली,

"बाई, कुठी होती?"

"काय?"

"तुमची एकदाणी. घरात कुठी होती?"

"डब्यात. पापडाच्या."

"पापडाच्या डब्ब्यात," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. पाठ करावं तसं. "त्याले सांगा लागते. तो अजून इचारते मले, गुंफे, कुठी असंन वं ते? ठाण्यात रोज एकच इचारत, कुठी ठेवली. त्यानं इहीर सांगतली. इहिरीत गडी उतरवला, नाही भेटली. मंग नाला सांगतला. मंग कडब्याची गंजी सांगतली. जे सुचे ते सांगे, बाई, मार थांबावा म्हणून. समदं सांगतलं. पापडाचा डब्बा काही त्याले सुचला नाही."

मला रडू आलं नाही. रडायचा हक्क असावा लागतो.

"डब्बा हाये काय अजून?"

मी आत जाऊन आणला. पत्र्याचा, झाकणावर कमळ काढलेलं. पापड परातीत ओतून तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, आत हात घालून तळापर्यंत चाचपलं, कानाकोपरा चाचपला.

"लहानसाच हाये," ती म्हणाली. मग म्हणाली, "नेऊ काय? त्याले दाखवतो."

"ने."

"परत आणून देतो."

"नको आणूस."

तिनं छिन्न्यांचं फडकं कमरेला बांधलं आणि डबा काखेत घेऊन निघाली. उन्हात पत्रा लखलख चमकत होता. चौदा घरांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी होतं. पारध्यांची बाई ओव्हरसियरच्या घरातून डबा घेऊन भरदिवसा रस्त्यानं चाललेली सगळ्यांनी पाहिली. मी किल्ली मुठीत धरून ओट्यावर उभी होते. कुणी आलं नाही.

फाटकाशी तारमास्तरांचं घर. ते बाहेरच उभे होते, पायात अजूनही एकच चप्पल. हात केला नाही, अडवलं नाही. तिला वाट द्यायला उलट एक पाऊल मागे सरकले.

गुंफाबाई त्यांच्यासमोर आपण होऊन थांबली. काखेतला डबा काढला, झाकण उघडलं, आणि रिकामा आहे हे त्यांना नीट दिसावं म्हणून तिरपा करून धरला.